पायरसीमुळे ओटीटी उद्योगाचे नुकसानच झाले, की त्याच्या वाढीला हातभार लागला?

माझ्या मते दोन्ही घडले. परंतु नुकसान सोसणारे आणि त्यातून शिकून मोठे झालेले हे एकच नव्हते.

नेदरलँड्सचे उदाहरण पाहू. सप्टेंबर २०१३ मध्ये नेटफ्लिक्स तेथे सुरू झाले, तेव्हा स्वतःपुरता चित्रपट डाउनलोड करणे, मग तो बेकायदा ठिकाणाहून का असेना, त्या देशात चालत असे. युरोपीय न्यायालयाच्या निकालाने ही मुभा एप्रिल २०१४ मध्ये संपली. मालिका विकत घेताना पायरसीच्या संकेतस्थळांवर काय लोकप्रिय आहे ते आम्ही पाहतो, असे नेटफ्लिक्सच्या एका उपाध्यक्षांनी २०१३ मध्ये तेथे सेवा सुरू होतानाच उघडपणे सांगितले आणि ‘प्रिझन ब्रेक’चे नावही घेतले. प्रेक्षकांची आवड जोखण्याचे साधन कंपनीला असे आयतेच मिळाले. २०१४ मध्ये आलेल्या ‘पॉपकॉर्न टाइम’ या ॲपने टॉरेंटवरचे, म्हणजे लोक आपापल्या संगणकांवरून एकमेकांना पुरवत असलेले चित्रपट, डाउनलोड पूर्ण होण्याची वाट न पाहता, नेटफ्लिक्सइतक्याच सुबक मांडणीत दाखवायला सुरुवात केली, तेव्हा तीच कंपनी धास्तावली. जानेवारी २०१५ मध्ये भागधारकांना लिहिलेल्या पत्रात तिने पायरसीची गणना आपल्या सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्यांत केली.

भारतात ‘गेम ऑफ थ्रोन्स’ टॉरेंटवरून पाहणारे सगळेच फुकटे होते, असे मला वाटत नाही. अनेकांना हवा होता तो ताजा आणि काटछाट न केलेला भाग, आणि तो पैसे देऊनही सहज मिळत नव्हता. हॉटस्टारने २०१६ मध्ये महिना १९९ रुपयांत ही मालिका अमेरिकेतील प्रसारणापाठोपाठ देऊ केली आणि पुढे जाहिरातींत थेट टॉरेंटलाच आव्हान दिले. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये फक्त मोबाइलसाठी काढलेली १९९ रुपयांची योजनाही मला याच वाटेवरची दिसते.

मराठी निर्मात्यांचा अनुभव मात्र निराळा आहे. मोठ्या कंपनीला पायरसीतून बाजाराची माहिती मिळते; ज्याचा सारा व्यवसाय पहिल्या दोन आठवड्यांच्या तिकीटविक्रीवर उभा आहे, त्याचा चित्रपट टेलिग्रामवर फिरू लागला की त्याच्या हातून प्रेक्षक जातो आणि पुढे ओटीटीला हक्क विकताना घासाघीस करण्याचे बळही जाते. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची आणि चित्रपटाच्या निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे, ती मला आवश्यक वाटते. पण कमी खर्चाच्या चित्रपटाच्या निर्मात्याला खटल्याच्या निकालापेक्षा ती लिंक त्याच दिवशी बंद होण्याची गरज अधिक असते.