गुलमर्गला निघालास, तर उताराचा कोन मोजायला शीक

सह्याद्रीत दरड वरून येते, म्हणून आपण वर बघत चालतो. गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगराच्या बर्फाळ उतारांवर तसं नाही. माणसं ज्यात सापडतात ती हिमस्खलनं बहुतेकदा त्यांच्याच वजनाने, पायाखालूनच सुटतात. हे आधी डोक्यात पक्कं कर.

30 ते 45 अंशांचा उतार सर्वांत धोक्याचा. काठी उतारावर आडवी ठेवून तिच्यावर मोबाइलमधला कोनमापक टेकवला की तो मोजता येतो. भरपूर बर्फ पडून, वारा सुटून गेला की लख्ख ऊन पडतं आणि नेमका तोच दिवस मोह घालतो. तेव्हा थांब. पाय टाकल्यावर धप्पकन बर्फ बसला किंवा तडा पळत गेला, तर लगेच माघारी फिर. खर्च झालेले पैसे, संपत आलेली रजा, काही बघू नकोस. निघण्याआधी चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा वाचायचाच.

ट्रान्सीव्हर (अंगावर बांधायचं, गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब सळई) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं. गाडला गेलेला माणूस पहिल्या 10-15 मिनिटांत बाहेर निघाला तरच खरी आशा असते. खालून मदत येईपर्यंत ती वेळ गेलेली असते, वाचवणार ते सोबतीच. म्हणून ट्रान्सीव्हर पुरून शोधायचा सराव इथेच, मैदानात, सगळ्यांनी मिळून करा. शंका वाटेल तो उतार एकेकाने ओलांडायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची.