मांजर वाचतं, बाकीचं विचारू नका

प्रश्न : मी ५६ वर्षांची, साताऱ्याची. मुलगा दिवाळीला घरी येतोय. 'एलियन' हा त्याचा लाडका जुना इंग्रजी सिनेमा मला दाखवायचाच, असं त्यानं ठरवलंय. भुताचे सिनेमे मी पदर तोंडाशी धरून पाहते. पण हा १९७९चा सिनेमा, रबराची बाहुली बघून हसूच यायचं नाही ना? हिंदीतून पाहू का? त्यात मांजर आहे म्हणे. आमच्याकडेही बोका आहे, मुक्या जनावराचे हाल मला बघवत नाहीत.

उत्तर : ताई, मांजर वाचतं. एवढं एकच गुपित फोडतो. माणसांपैकी कोण वाचतं हे मुलाला विचारू नका, आणि तो सांगायला लागलाच तर तोंडात लाडू कोंबा.

आता रबराचं. यानात शिरलेला तो परग्रहावरचा जीव म्हणजे खरोखरच अंगावर चढवलेला पोशाख आहे. स्विस चित्रकार गीगर यांनी तो घडवला आणि जवळजवळ सात फूट उंचीच्या बोलाजी बडेजो या नायजेरियन तरुणानं घातला. पण दिग्दर्शक रिडली स्कॉट तो आपल्याला नीट बघूच देत नाही. कधी शेपूट, कधी जबडा, कधी नुसती गळणारी लाळ.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो १९८६ साली, मिरजेत. वर्गणी काढून आणलेला भाड्याचा व्हीसीआर, एका रात्रीत तीन कॅसेट, त्यातली ही तिसरी. कॉपीवरून कॉपी काढलेली, अर्धा पडदा काळाकुट्ट. मला त्या प्राण्याचं तोंडसुद्धा दिसलं नाही, तरी पहाटेपर्यंत मागच्या अंगणातल्या संडासाला एकटा गेलो नाही. पुढे स्वच्छ प्रिंट पाहिली तेव्हा कळलं, फारसं काही हुकलं नव्हतं.

म्हणून दिवे बंद करा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. मोबाइलवर तर पाहूच नका.

पहिला अर्धा तास जांभया येतील. येऊ द्यात. 'नोस्ट्रोमो' हे काही शास्त्रज्ञांचं चकचकीत यान नव्हे, २ कोटी टन खनिज ओढून नेणारं मालवाहू धूड आहे. त्यावर सात माणसं. त्यातले पार्कर आणि ब्रेट, इंजिनाकडचे दोघे, जागे झाल्यापासून बोनसवरून कुरकुरतात. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. दिवाळी जवळ आली की आमच्या ओसरीवर हेच बोलणं चालायचं. त्यामुळे ही माणसं मला ओळखीची वाटली, आणि ओळखीचं माणूस अंधाऱ्या बोळात एकटं निघालं की जीव खालीवर होतोच.

हिंदी नको. मूळ इंग्रजीच ठेवा, खाली अक्षरं लावा. ही मंडळी एकमेकांचं बोलणं तोडत, पुटपुटत बोलतात. डबिंगमध्ये सगळे निवेदकासारखे खणखणीत होतात. २००३ मध्ये स्कॉटनी काही प्रसंग घालून, काही छाटून दुसरी आवृत्ती केली. तुम्ही आधी १९७९चीच बघा. आणि जेवण उरकून बसा. का, ते विचारू नका.

(पुढचं सिनेमा पाहून झाल्यावर वाचा.)

पाहिलात ना जेवणाचा प्रसंग? जॉन हर्टच्या छातीतून काहीतरी बाहेर येणार, हे बाकीच्या नटांना पटकथेतून ठाऊक होतं. रक्त किती उडेल हे मात्र सांगितलेलं नव्हतं. खाटिकाकडून आणलेली आतडी-काळीज तिथे मांडलेली, त्यांचा वास सुटलेला. व्हेरोनिका कार्टराइटच्या तोंडावर चिळकांडी उडते तेव्हा तिचं दचकणं अभिनयातलं नाही.

आमच्या खोलीत तेव्हा चिवड्याची परात फिरत होती. ती माझ्यापर्यंत आली आणि तिथंच राहिली. सकाळी व्हीसीआर परत न्यायला आलेल्या पोऱ्यानं तो चिवडा संपवला.