रूमभाडं दुप्पट, क्लेम निम्मा?

प्रश्न : बाबा ७२ वर्षांचे, पॉलिसी ३ लाखांची. रूमभाड्याची लिमिट रोज ३ हजार होती, आम्ही ६ हजारांची रूम घेतली तर कंपनीने अख्खं बिलच निम्मं केलं. असं करता येतं का?

उत्तर : ताई, अख्खं नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशनचा खर्च त्या प्रमाणात कापतात, पॉलिसीत तसं लिहिलेलं असतं, पण औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही, म्हणून आधी हिशेब लेखी मागवा आणि तिथेही कापलं असेल तर कंपनीकडे तक्रार टाका, ३० दिवसांत दाद नाही लागली तर सरळ विमा लोकपालाकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) जा, तिथे फी लागत नाही. आणि बाबांचं आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे ज्येष्ठांसाठीचं सरकारी मोफत उपचारांचं कार्ड, काढलंत का? सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट नाही, खासगी पॉलिसी असली तरी चालतं, आधार घेऊन याच आठवड्यात काढाच.