सरकीत निजलेली अळी

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

पौषातल्या थंडीनं कपाशीवरची गुलाबी बोंडअळी मरते का, असं विचारलंस. नाही मरत. आपल्याकडे पारा 8-10 अंशांवर उतरला की माणसं शेकोटी धरतात, पण अळीची तयारी तोवर झालेली असते. दिवस लहान झाले, रात्री गार पडू लागल्या की पूर्ण वाढलेली अळी कोषात जायचं टाळते. अंगात चरबी साठवते, श्वास मंद करते आणि सरकीतच धागे विणून पडून राहते. हीच सुप्तावस्था. आपल्याकडे तिला थंडीपेक्षा बोंडाविना जाणारे महिने काढायचे असतात.

हे डोळ्यांनी बघ. धुऱ्यावर रचलेल्या पऱ्हाटीतली (कपाशीच्या वाळल्या झाडांतली) न उमललेली 20 बोंडं फोड. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर ब्लेडनं सांध्यावरच चीर, मधोमध नाही, नाहीतर अळी कापली जाते. आत मुडपून बसलेली गुलाबी अळी काडी लावली की सावकाश वळवळते.

खरं गोठणं शून्याच्या खाली सुरू होतं. बर्फाच्या देशांतले बरेच किडे अंगात साठवलेल्या ग्लायकोजेन या पिठूळ साखरसाठ्याचं ग्लिसरॉल, म्हणजेच ग्लिसरीन, करतात. त्यानं अंगातलं पाणी शून्याखालीही पातळ राहतं. मेडिकलमधून ग्लिसरीन आण, निम्मं पाणी घाल आणि शेजारी साध्या पाण्याची बाटली ठेवून दोन्ही फ्रीझरमध्ये लाव. सकाळी फरक कळेल. उत्तर अमेरिकेतल्या गोल्डनरॉड झाडाच्या गाठीत राहणारी माशीची अळी मात्र गोठणं टाळत नाही. ती पेशींच्या बाहेर बर्फ होऊ देते आणि पेशी वाचवते. मला यातलं सगळ्यात विलक्षण हेच वाटतं.

अळी किती अंशांवर गोठते ते मोजायचं तर बारीक तारेचा थर्मोकपल, म्हणजे तारेच्या टोकाशी तापमान मोजणारं साधन, घे. त्याचं टोक अळीच्या पाठीला व्हॅसलीननं चिकटव, कोरड्या नळीत घाल, नळीभोवती कापूस गुंडाळ आणि फ्रीझरमध्ये ठेव. मिनिटाला साधारण 1 अंश उतरू दे. आकडा उतरता उतरता एकदम वर उसळला, की तिथं बर्फ धरला. गोठताना उष्णता बाहेर पडते, म्हणून ती उसळी. उसळीच्या आधीचा सगळ्यात खालचा आकडा लिही.

चुका इथंच होतात. नळीत दव असलं तर बाहेरचा बर्फ कातडीतून आत शिरतो आणि अळी लवकर गोठते. पोटात अन्न असलं तरी तसंच, त्यातल्या कणांवर बर्फ धरतो. म्हणून बरेच किडे हिवाळ्याआधी आतडं रिकामं करतात. कापूस कमी गुंडाळला तर आकडा इतका झपाट्यानं उतरतो की उसळी हुकते. आणि एक नक्की ध्यानात ठेव: न गोठताही नुसत्या गारठ्यानं किडा मरू शकतो, आणि निपचित पडलेला किडा मेलेला असेलच असं नाही. गारठ्यात चेता-स्नायूंतल्या क्षारांचा तोल बिघडतो, किडा लुळा पडतो, ऊब मिळाली की उठतो. म्हणून मेला असं लिहिण्याआधी खोलीत 24 तास थांब.

घरी सांग, फरदड ठेवू नका, म्हणजे वेचणी संपल्यावरही कपाशी पुढच्या बोंडांसाठी शेतात राखू नका. सरपणाची पऱ्हाटी पावसाळ्याआधी संपवा, कारण ऊब आणि ओल मिळाली की त्यातूनच पतंग निघतात. 20 बोंडांत किती जोडसरक्या निघाल्या ते कळव.

आशीर्वाद.