ब्रिटिश नौदलावरची ‘मेकिंग वेव्हज’ ही मालिका मध्येच का बंद पडली? आता बघण्यासारखी आहे का?

बंद पडली ती प्रेक्षक न मिळाल्यामुळे. २००४ च्या जुलैत आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीने ती रात्री नऊला लावली. सहा भाग तयार होते. तीन दाखवले आणि गाशा गुंडाळला. बाकीचे नंतर डीव्हीडीवर आले.

मला हा निकाल घाईचा वाटतो. मालिका घडते ती फ्रिगेटवर, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकेवर. तिच्यावर पावणेदोनशेच्या वर माणसं असतात. मालिकेत त्यातली डझनभर जरी घेतली, तरी सगळ्यांचे गणवेश सारखे, केस बारीक. कोण इंजिनरूममधला आणि कोण रडारवरचा, हे डोक्यात बसेपर्यंतच तीन आठवडे जातात. त्यात आग लागल्याचा सराव सुरू झाला की सगळे डोक्यावर आगीच्या झळीपासून वाचवणारी पांढरी अँटीफ्लॅश टोपी चढवणार. चेहरा, मान सगळं झाकलेलं, दिसतात फक्त डोळे. म्हणजे गोष्ट रंगात येते नेमक्या तेव्हाच ओळखीचा चेहरा गायब! आणि कप्तान कोण, तर अ‍ॅलेक्स फर्न्स. ‘ईस्टएंडर्स’ या ब्रिटिश कौटुंबिक मालिकेत बायकोचा छळ करणारा ट्रेव्हर म्हणून लोकांनी ज्याला मनसोक्त शिव्या घातल्या, तोच. त्याला कमांडर ब्रुक म्हणून सलाम ठोकायला लोकांना वेळ लागणारच.

तरी बघाच, निदान जहाजासाठी. पडद्यावरचं ‘एचएमएस सफक’ म्हणजे खरं एचएमएस ग्राफ्टन, टाइप २३ जातीचं. अरुंद बोळ, डोक्यावर पाइपांचं जंजाळ, उभ्या शिड्या. असली अडचण सेटवर मुद्दाम कोण उभी करणार? पुढे हे जहाज चिलीच्या नौदलाने घेतलं. कथेत मात्र प्रेमप्रकरणांचं पाणी जरा जास्तच घातलंय, तिथे खुशाल पुढे ढकला.

भरपूर भागांची मालिका हवी असेल तर बीबीसीची ‘वॉरशिप’ (१९७३ ते ७७) शोधा. ती माझी जास्त लाडकी. तिच्यातलं ‘एचएमएस हीरो’ हे जहाज म्हणजे बहुतेक वेळा एचएमएस फीबी होतं, लिअँडर जातीचं. त्याच जातीची सहा जहाजं आपल्या माझगाव डॉकने बांधली. पहिलं आयएनएस निलगिरी, १९७२ मध्ये नौदलात दाखल झालेलं. माझगावकडच्या एखाद्या जुन्या फिटरकाकांना शेजारी बसवून बघितलीत तर मालिका बाजूला राहील आणि काकाच सुरू होतील.

दोन्ही बघणार असाल तर ‘मेकिंग वेव्हज’ आधी उरका. ‘वॉरशिप’नंतर ती फार पातळ लागते.