‘आर्ग्युएबली’तला अर्जुन

परभणीच्या एका शिक्षिका विचारतात : वेरूळच्या सहलीवर लिहिताना एका मुलानं कैलास लेण्याला ‘आर्ग्युएबली’ जगातलं सर्वांत भव्य एकाश्म देऊळ म्हटलंय. मराठीत तिथं ‘निर्विवाद’ लिहायचं की ‘वादग्रस्त’?

दोन्ही नको! ‘निर्विवाद’ तर थेट उलटा अर्थ. क्रिकेटची कॉमेंट्री ऐकून ऐकून लोक हा शब्द छातीठोकपणे ठोकून देतात. आणि ‘वादग्रस्त’ म्हणजे काय, लेण्याचा सातबारा कोर्टात अडकलाय? बोलणाऱ्याला एवढंच म्हणायचं असतं, की सिद्ध झालेलं नाही, पण कुणी अडवलंच तर माझ्याकडे मुद्दे आहेत.

खरी मौज पुढंच आहे. मूळ लॅटिन क्रियापद ‘अर्गुएरे’. अर्थ : स्पष्ट करणं, सिद्ध करणं, दोष दाखवणं. त्याच्याही मागं लॅटिन-संस्कृतच्या सामाईक पूर्वज भाषेतला धातू ‘अर्ग्’, म्हणजे चकाकणं, पांढरं असणं. त्यातूनच लॅटिन ‘अर्गेंटम’, म्हणजे चांदी, त्यावरून अर्जेंटिना. आपल्याकडे रजत. आणि अर्जुन! अर्जुन म्हणजे शुभ्र. ऋग्वेदात (६.९.१) रात्रीला ‘कृष्ण’ दिवस म्हटलंय अन् उजाडलेल्याला ‘अर्जुन’ दिवस. महाभारतातली जोडी तिथं आधीच शेजारी उभी! ओढ्याकाठच्या अर्जुनसादड्याचं फिकट खोड बघा, नाव का पडलं ते विचारावं लागत नाही.

काही नवे व्युत्पत्तिकार मात्र ‘अर्गुएरे’ला चकाकीपासून तोडून हित्ती या प्राचीन तुर्कस्तानातल्या भाषेतल्या विनवणीच्या क्रियापदाला नेऊन बांधतात. बांधोत बापडे. विनवणारा गयावया करतो, सिद्ध काय करणार? कोशात मान खुपसून बसलं की घरातली भाषा ऐकू येत नाही, ती अशी. आपण भानगड उजेडात आणतो, ते स्पष्ट करणं. आणि निकालाच्या दिवशी बाप म्हणतो, “काय उजेड पाडलास!”, तो दोष देणं. ‘अर्गुएरे’चे दोन्ही अर्थ एका उजेडात. हे माझं मत. पण आर्ग्युएबली बरोबर.

हां, त्या मुलाचं वाक्य राहिलंच. ‘सर्वांत भव्य एकाश्म देऊळ म्हणायला हरकत नाही’ असं करा. शब्द त्यानं अचूक वापरलाय, मार्क कापू नका. लेणं क्रमांक १६ लिहायचं विसरला असेल तर अर्धा कापा.