आपत्तीपूर्व तयारी शिकवायला कोणाला बोलवावे?

प्रश्न : आमची शाळा मिरज तालुक्यात, कृष्णाकाठच्या एका गावात आहे. २०१९ च्या महापुरात तळमजल्यावरचे वर्ग पाण्याखाली गेले होते. येत्या पावसाळ्यापूर्वी शिक्षक, पालक आणि वरच्या इयत्तांतील विद्यार्थी यांच्यासाठी आपत्तीपूर्व तयारीचे दोन दिवसांचे प्रशिक्षण घ्यावे, असे शाळा व्यवस्थापन समितीने ठरवले आहे. शिकवायला तीन जण तयार आहेत : अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक अधिकारी, लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार आणि आपत्ती व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका घेतलेली एक तरुणी. समितीचा कल सुभेदारसाहेबांकडे आहे. प्रशिक्षकाची व्यावसायिक पार्श्वभूमी कशी पारखावी?
– एक मुख्याध्यापिका

उत्तर : मुख्याध्यापिकाबाई, डॉक्टर किंवा वकील यांच्यासारखी नोंदणीची सक्ती या क्षेत्रात नाही, त्यामुळे पारख करण्याचे काम बोलावणाऱ्यावरच येते. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा, म्हणजे हा व्यवसायच तरुण आहे आणि त्यातले बहुतेक जुने प्रशिक्षक दुसऱ्या कोणत्या तरी कामातून इकडे वळलेले आहेत. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे आपण ज्याला एनडीआरएफ म्हणतो, तेसुद्धा २००६ मध्ये केंद्रीय पोलीस दलांतील जवान घेऊनच उभे राहिले; तळेगावजवळच्या सुदुंबरे येथील पाचवी तुकडी केंद्रीय राखीव पोलीस दलातून आली. आज नारिंगी गणवेशात बोट चालवणारा जवान पूर्वी बंदोबस्ताच्या कामावर असू शकतो. म्हणून मूळ नोकरी कोणती, यापेक्षा त्या नोकरीत आणि त्यानंतर या माणसाने काय शिकले, काय हाताळले, हे विचारावे.

सुभेदारसाहेबांना त्यांची शाखा विचारा. अभियांत्रिकी दलात, बोटी आणि पूल यांच्या कामावर ज्यांची हयात गेली, त्यांचे पाण्याविषयीचे ज्ञान आणि हिशेबाच्या किंवा पुरवठ्याच्या कामावर असलेल्यांचे ज्ञान सारखे असणार नाही. दोघांच्या छातीवरची पदके मात्र समितीला सारखीच भारून टाकतात. अग्निशमन अधिकाऱ्यांची बाजू मला अधिक भक्कम वाटते, कारण आपल्याकडे आगीबरोबरच पुरातून माणसे काढणे आणि पडलेल्या भिंतींखालून सोडवणे हेही त्याच दलाकडे येते. तरीही एक अडचण उरते. सुटकेचे काम केलेला माणूस पाणी घरात शिरल्यानंतरचे उत्तम सांगतो, तर तुम्हाला हवी आहे ती अंगण कोरडे असतानाची तयारी.

हा फरक किती महत्त्वाचा आहे, ते भूकंपाच्या उदाहरणावरून कळते. भूकंपात टेबलाखाली न जाता जड वस्तूच्या शेजारी पडून राहावे, असा ‘जीवनत्रिकोणा’चा सल्ला एका परदेशी बचावकर्त्याच्या नावाने ईमेलवरून आणि पुढे व्हॉट्सअ‍ॅपवरून जगभर पसरला. अमेरिकन रेड क्रॉसने तो नाकारला, पण ढिगारे उपसलेल्या माणसाचा शब्द म्हणून तो अजूनही फिरतो. दुसऱ्या टोकाला, टेबलाखाली जाण्याचा सल्ला शहरातल्या काँक्रीटच्या इमारतीत योग्य असला, तरी किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास त्याचा काय उपयोग झाला असता? मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीची जड माळवदे अशी ती घरे होती आणि माणसे झोपेतच गाडली गेली. तिथे तयारीचा धडा शिकवायला हवा होता तो भिंतीत सांधणारे आडवे दगड आणि पट्टे घालायला सांगणाऱ्या अभियंत्याने, आणि ते काम हाताने करणाऱ्या गवंड्याने. ‘प्रशिक्षक’ अशी पाटी या दोघांपैकी कोणीच लावत नाही.

तुमच्या गावाची गरजही अशाच माणसाची आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी, हे आकडे तुमच्याकडे शेंबडे पोरही सांगेल. पण पुलावर ४० फूट असताना तुमच्या शाळेकडचा रस्ता चालू असतो की बंद, कोयनेतून विसर्ग वाढल्यावर तुमच्या घाटावर पाणी चढायला किती तास लागतात आणि ओढ्याचे उलटे पाणी आधी कोणत्या गल्लीत शिरते, हे जलसंपदा विभागाचा शाखा अभियंता, तुमचे तलाठी आणि नदीवर नाव घालणारी वडीलधारी माणसे यांनाच ठाऊक असते. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी क्षमतेपेक्षा अधिक माणसे घेतलेली बोट उलटून अनेक जण बुडाले. बोटीत किती जण घ्यायचे आणि गाव कधी सोडायचे, हे पाणी येण्याआधी ठरवून ठेवण्याचे विषय आहेत.

पदविकाधारक तरुणीला समितीने वयावरून बाजूला सारू नये. धोक्याचा नकाशा काढणे, अंथरुणाला खिळलेल्या माणसांची आणि गरोदर बायकांची यादी करणे, कागदावरचा आराखडा तालमीतून तपासणे, हे त्या अभ्यासक्रमांत शिकवतात. माझे मत विचाराल तर दोन दिवसांची आखणी तिच्याकडे द्यावी, अग्निशमन अधिकाऱ्यांना अर्ध्या दिवसाची प्रात्यक्षिके द्यावीत, सुभेदारसाहेबांकडून शाळा रिकामी करण्याची कवायत बसवून घ्यावी आणि शाखा अभियंत्यांना तासभर बोलवावे. तिघांनाही एक प्रश्न मात्र विचारून घ्या : याआधी मुलांना शिकवले आहे का? दोरखंडाची गाठ उत्तम मारता येणे आणि चौदा वर्षांच्या मुलीकडून ती मारून घेणे, ही दोन वेगळी कसबे आहेत. प्रमाणपत्रे पाहतानाही, ‘आपदा मित्र’ योजनेतील १२ दिवसांचे प्रशिक्षण स्वयंसेवक घडवते, प्रशिक्षक नव्हे, हे लक्षात असू द्यावे. पुण्याच्या ‘यशदा’ या राज्य शासनाच्या प्रशिक्षण संस्थेत किंवा नागपूरच्या पूर्वीच्या नागरी संरक्षण महाविद्यालयात कोणी शिकले असेल, तर नेमका कोणता वर्ग केला ते विचारावे.

प्रश्न : जिल्हा रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाले आहे. २०२१ चा पूर चिपळुणात स्वतः पाहिला. मी हे शिकवू शकेन का?
– एक वाचक

उत्तर : ताई, अवश्य. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत चढले, तेव्हा इन्सुलिन, रक्तदाबाच्या गोळ्या आणि डायलिसिसची पुढची तारीख हा किती घरांचा पहिला प्रश्न झाला असेल, हे आपल्याला सांगायला नको. औषधांची पंधरवड्याची पिशवी, पुराच्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोस्पायरोसिसची शंका कधी घ्यावी, पाणी कसे शुद्ध करावे, हे विषय गणवेशातल्या प्रशिक्षकांकडून सहसा घाईत उरकले जातात. फक्त जुने शिक्षण एकदा ताजे करून घ्यावे. सर्पदंशावर घट्ट आवळपट्टी बांधण्याची पूर्वीची पद्धत आता निषिद्ध मानतात आणि हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवरचे दाब मिनिटाला १०० ते १२० या गतीने, तीस दाबांमागे दोन श्वास असे शिकवतात. रुग्णालयात हाताशी प्राणवायू आणि डॉक्टर होते. गल्लीत दोन्ही नसतील असे धरून पाठ तयार करावा आणि पहिला वर्ग आपल्याच गल्लीतल्या बायकांचा घ्यावा.